स्वस्तात झाड तोडून घेण्याआधी

मंडळी, या पानावर आपण रिटायरमेंट अकाउंट, मुलांच्या कॉलेजचा खर्च, कोलेस्टेरॉल आणि गुडघेदुखी यांबद्दल नेहमी वाचतो. आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. तो आपल्या बॅकयार्डमधल्या झाडाचा, किंवा खरं सांगायचं तर ते झाड तोडायला येणाऱ्या माणसाचा आहे. विषय आरोग्याचा आणि पैशाचा दोन्हीही आहे, म्हणून संपादकांनी या पानावर जागा दिली याबद्दल त्यांचे आभार.

मी न्यू जर्सीत गेली तेवीस वर्षं इन्शुरन्सच्या क्लेम्सचं काम करते. फुटलेले पाइप, स्वयंपाकघरातल्या आगी, बर्फावरून घसरलेले पोस्टमन, सगळं पाहून झालं आहे. पण फाइल बंद केल्यावरही ज्या गोष्टी मनातून जात नाहीत, त्यातल्या बऱ्याच झाडांच्या कामाच्या आहेत. त्यावरून माझं जे मत झालं आहे ते आधीच सांगून टाकते. झाडाच्या कामात जो सगळ्यांपेक्षा निम्म्या पैशात काम करतो म्हणतो, तो ती बचत बहुतेक वेळा झाडावर चढणाऱ्याच्या सुरक्षिततेतून काढत असतो. अशी बचत आपण घेऊ नये.

हे काम किती धोक्याचं आहे याची आपल्याला नीट कल्पना नसते. सेंटर्स फॉर डिसीज कंट्रोल या सरकारी संस्थेने २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. १९९२ ते २००७ या सोळा वर्षांत अमेरिकेत झाडांची निगा आणि छाटणी करताना १,२८५ कामगार मेले. म्हणजे वर्षाला सरासरी ऐंशी. त्यातले सुमारे ४२ टक्के अंगावर झाड किंवा फांदी आदळून, ३४ टक्के उंचावरून पडून आणि १४ टक्के विजेचा धक्का बसून गेले. जे वाचले पण हात, पाय किंवा पाठीचा कणा गमावून बसले, त्यांची मोजदाद यात नाही.

आकड्यांपेक्षा काम समजून घेतलं तर धोका जास्त कळतो. ओकची एक फूट जाडीची आणि दहा फूट लांबीची ओली फांदी घेतली, तर तिचं वजन पाचशे पाउंडांच्या घरात जातं. ती दोराने बांधून हळूहळू खाली सोडायची असते. बांधणाऱ्याचा अंदाज चुकला किंवा खाली उभा असलेला माणूस चुकीच्या क्षणी पुढे आला, तर हेल्मेटचाही फारसा उपयोग होत नाही. वादळात तुटून दुसऱ्या फांदीत अडकलेल्या फांद्या आणखी वाईट. त्या कधी सुटतील ते सांगता येत नाही. वाकून ताणलेल्या फांदीवर करवत टेकवली की ती धनुष्यासारखी उसळते. चेन सॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत मागे, माणसाच्या तोंडाकडे उडते. हे इतकं झटकन होतं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. खाली फांद्यांचा भुगा करणारा चिपर असतो, तो सैल बाही किंवा हातमोजा पकडला तर सोडत नाही.

विजेच्या तारांबद्दल तर आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. खांबावरून घरात येणाऱ्या तारेवर काळं आवरण दिसतं म्हणून ती सुरक्षित आहे असं समजू नका. ते आवरण ऊनपावसासाठी असतं, माणसाच्या संरक्षणासाठी नव्हे. रस्त्यावरच्या खांबांवरच्या वरच्या तारा तर बहुतेक उघड्याच असतात. विजेच्या कामाचं खास प्रशिक्षण नसलेल्या कामगाराने अशा तारांपासून निदान दहा फूट दूर राहावं, असा ओशाचा नियम आहे. हे अंतर त्याच्या हातातल्या अवजारालाही लागू असतं. ॲल्युमिनियमची शिडी किंवा ओली फांदी तारेला टेकली तरी पुरे होतं.

या सगळ्यातून माणूस सुखरूप खाली यावा म्हणून या धंद्याने स्वतःचे नियम केलेले आहेत. झेड १३३ नावाच्या त्या नियमावलीची पहिली आवृत्ती १९७२ साली निघाली. झाडावर असताना माणूस सतत दोराने बांधलेला हवा, वर चेन सॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेला हवा, हेल्मेट आणि डोळ्यांचं संरक्षण हवं, काम सुरू करण्याआधी झाड तपासलं पाहिजे, असे ते साधे नियम आहेत. पण ते पाळायला वेळ लागतो, शिकलेली माणसं लागतात आणि धड सामान लागतं. म्हणजेच पैसे लागतात.

आता आपल्या भागापुरतं बोलते. ब्रिजवॉटरला व्यंकटेश्वराच्या दर्शनाला आपण सगळे जातो. २०१४ साली न्यू जर्सीत एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगेरा पहिल्यांदा सापडला तो त्याच ब्रिजवॉटरमध्ये. त्याआधी २००२ साली मिशिगनमध्ये तो लक्षात आला होता. त्याच्या अळ्या ॲश झाडाच्या सालीखाली बोगदे करतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि काही वर्षांत झाड मरतं. आपल्या कित्येक घरांमागे असे वाळलेले ॲश उभे आहेत. झाड तोडणाऱ्यांना या झाडाची विशेष धास्ती वाटते. मेलेल्या ॲशचं लाकूड फार लवकर कोरडं आणि ठिसूळ होतं. ज्या फांदीला दोर बांधून माणूस लटकतो, ती काडीसारखी मोडू शकते. म्हणून जाणकार कंपन्या अशा झाडावर माणूस चढवत नाहीत. त्या बकेट ट्रक किंवा क्रेन आणतात आणि एस्टिमेट वाढतं. इथे पैशाचा एक साधा धडा आहे. ॲशच्या शेंड्याची पानं विरळ झालेली दिसली की लगेच जाणकाराला बोलवा. इंजेक्शन देऊन झाड वाचण्यासारखं असेल तर तो सांगेल. नसेल तर ते तेव्हाच तोडणं स्वस्त पडतं. "बघू पुढच्या वर्षी" म्हणत तीन वर्षं काढली की तेच झाड जास्त महाग आणि जास्त धोकादायक होतं.

एका झाडाची तीन एस्टिमेट्स इतकी वेगळी का येतात? ट्रक, डिझेल, पगार हे फरक आहेतच. पण एक मोठा फरक विम्याचा असतो. कामगाराला कामावर दुखापत झाली तर त्याचा औषधोपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग देणारा विमा म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन. चूक कोणाची होती हे त्यात पाहत नाहीत. न्यू जर्सीत तात्पुरत्या दुखापतीसाठी आठवड्याच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, मिळते. कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही इथे हे संरक्षण आहे. या विम्याचा हप्ता दर शंभर डॉलर पगारामागे ठरतो. ऑफिसात बसून काम करणाऱ्यासाठी तो काही सेंट असतो, झाडावर चढणाऱ्यासाठी कित्येक डॉलर. म्हणून काहीजण हा विमा घेतच नाहीत. काहीजण घेतात, पण आमची माणसं फक्त गवत कापतात असं सांगून कमी दराचा घेतात. कागद खरा असतो, पण माणूस झाडावरून पडला की कंपनी वाद घालते. तेव्हा तुम्ही घासाघीस करून जे हजार डॉलर वाचवले असं समजता, ते कोणाच्या खिशातून आले ते लक्षात घ्या.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मध्य जर्सीतलं आपलंच एक कुटुंब, नवरा-बायको दोघंही आयटीत. मागे साठ फुटी ॲश वाळलेला. एस्टिमेट्स आली ३,६००, ३,१०० आणि १,३०० डॉलर. पहिल्या दोघांनी बकेट ट्रक लागेल असं सांगितलं. तिसरा म्हणाला, माझा मुलगा चढेल, कॅश द्या. विमा आहे का असं विचारल्यावर त्याने एका कागदाची झेरॉक्स दाखवली. त्यावरची तारीख आठ महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती, पण ती कोणी पाहिली नाही.

चढलेला मुलगा सव्वीस वर्षांचा होता, ग्वाटेमालाहून आलेला. त्याने ज्या फांदीला दोर बांधला होता तीच मोडली. तीस फुटांवरून तो कुंपणाच्या खांबावर पडला. कणा मोडला. ज्याने काम घेतलं होतं त्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. मग मुलाच्या वकिलाचं पत्र आलं ते घरमालकाला. असं काम एखाद्या कंत्राटदाराला दिलं, तर त्याच्या कामगाराच्या दुखापतीला घरमालक सहसा जबाबदार नसतो, हे खरं आहे. पण धोक्याच्या कामासाठी तुम्ही लायक नसलेला माणूस निवडलात, असा युक्तिवाद करता येतो, आणि इथे तो केला गेला. अडीच वर्षं कागदपत्रं, जबान्या आणि तारखा चालल्या. शेवटी होमओनर्स पॉलिसीच्या मर्यादेत तडजोड झाली आणि घर वाचलं. त्यांच्या मुलीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती अजून त्या खिडकीशी उभी राहत नाही. आणि तो मुलगा आता व्हीलचेअरवर असतो. तडजोडीची रक्कम त्याच्या आयुष्याला पुरणारी नाही, हे मी या कामातल्या अनुभवावरून सांगते.

यावर लोक मला दोन गोष्टी सांगतात. पहिली म्हणजे मोठ्या कंपन्या लुटतात. काही लुटतातही. पण मी मोठी कंपनी घ्या म्हणत नाही. तीन माणसांची छोटी कंपनीसुद्धा पूर्ण विमा आणि नोंदणी असलेली असू शकते, आणि अशा चांगल्या कंपन्या आपल्या भागात आहेत. दुसरी गोष्ट अशी, की तो गरीबही आपल्यासारखाच परदेशातून आलेला, त्याला चार पैसे मिळाले तर वाईट काय? हा मुद्दा मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच माझं म्हणणं उलट आहे. कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्यांनी पाडेली माडावर चढताना पाहिला आहे. कमरेला कोयता लावून तो सरसर वर जायचा आणि माडामागे ठरलेले पैसे घेऊन जायचा. पडला तर त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न आपल्या अंगणात कोणी विचारत नव्हतं. तिथे विचारायची सोय नव्हती. इथे सोय आहे, कायदा आहे, आणि आपल्याला परवडतं. मग न विचारण्याला काय सबब आहे? त्या माणसाला काम जरूर मिळावं, पण त्याचा विमा भरणाऱ्या मालकाकडे मिळावं. आपण कॅशवाल्याला नाही म्हटलं, तरच विमा भरणाऱ्याचा धंदा टिकेल.

मग करायचं काय? चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, नोंदणी पाहा. न्यू जर्सीत २०१० साली मंजूर झालेल्या कायद्यानुसार झाडांचं काम करणाऱ्या धंद्याला राज्याच्या ट्री एक्सपर्ट बोर्डाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारा आणि तो बोर्डाकडे तपासून घ्या. कनेटिकट आणि मेरीलँडमध्येही परवान्याचे कायदे फार जुने आहेत. इतर राज्यांत राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा.

दुसरी, विम्याचं सर्टिफिकेट कंत्राटदाराच्या हातून घेऊ नका. त्याच्या इन्शुरन्स एजंटने ते थेट तुम्हाला पाठवावं असं सांगा. त्यावर जनरल लायबिलिटी आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन या दोन्ही ओळी भरलेल्या हव्यात आणि तारखा चालू हव्यात. शिवाय एजंटला फोन करून एकच प्रश्न विचारा: ही पॉलिसी झाडावर चढून करायच्या कामाला लागू आहे ना? दहा मिनिटांचं काम आहे. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. ज्याला राग येतो त्याला नमस्कार करून निरोप द्या.

तिसरी, झाड कसं उतरवणार ते विचारा आणि लेखी घ्या. चढणार की बकेट, तारांचं काय, लाकूड कोण नेणार, बुंधा राहणार की काढणार? झाड तारांजवळ असेल तर आधी वीज कंपनीला फोन करा. टाउनशिपचा परवाना लागतो का तेही विचारा. काम चालू असताना मुलांना आणि कुत्र्याला घरात ठेवा आणि चहा-पाणी द्यायलासुद्धा झाडाखाली जाऊ नका.

चौथी, वादळानंतर दार वाजवणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. २०११ च्या ऑक्टोबरात पानं झाडांवर असतानाच जड बर्फ पडला आणि पुढच्याच वर्षी सँडी आलं. दोन्ही वेळा पिकअप आणि चेन सॉ असलेला जो तो झाडवाला झाला होता. छप्परावर झाड पडलं असेल तर आधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. बाकी झाड दोन आठवडे पडून राहिलं तरी चालतं.

घासाघीस करायचीच असेल तर त्यालाही जागा आहेत. लाकूड तुमच्याकडेच ठेवा, बुंधा तसाच राहू द्या, शेजाऱ्याचं आणि तुमचं काम एकाच दिवशी द्या, हिवाळ्यात धंदा मंद असताना भाव विचारा. यातून चांगली रक्कम वाचते आणि कोणाच्या जिवाला धोका होत नाही.

आपल्या पॉलिसीबद्दलही थोडं सांगते. वाऱ्याने झाड घरावर पडलं तर नुकसान सहसा भरून मिळतं, पण डिडक्टिबल वजा करून. झाड उचलण्यासाठी बऱ्याच पॉलिसींत एका झाडामागे ५०० डॉलरच्या आसपास मर्यादा असते. झाड नुसतं लॉनवर आडवं झालं तर बहुधा काहीच मिळत नाही. शेजाऱ्याचं झाड तुमच्या घरावर पडलं तर सहसा तुमचीच पॉलिसी कामाला येते. पण तुमचं झाड मेलेलं आहे असं शेजाऱ्याने तुम्हाला लेखी कळवलं असेल आणि तुम्ही गप्प बसलात, तर मामला वेगळा होतो. पर्सनल लायबिलिटीची मर्यादा अजून एक लाखावर असेल तर ती वाढवून घ्या आणि अंब्रेला पॉलिसीचा भाव विचारा. दहा लाखांचं संरक्षण बहुतेक कुटुंबांना वर्षाला काहीशे डॉलरमध्ये मिळतं.

शेवटी एक विनंती घरातल्या पुरुषमंडळींना आणि विशेषतः उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आजोबांना. दिवसभर घरात बसून कंटाळलेले बाबा गॅरेजमधली शिडी काढतात आणि एवढीशी फांदी तर आहे म्हणून करवत घेऊन चढतात. फांदीचं टोक तुटून पडलं की उरलेली फांदी हलकी होऊन वर उसळते आणि तिला टेकलेली शिडी निसटते. सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर इथलं ऑपरेशन, हॉस्पिटल आणि त्यानंतरचा व्यायाम यांचा खर्च पन्नास हजारांची मर्यादा असलेल्या व्हिजिटर्स इन्शुरन्समध्ये बसेलच असं नाही. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या कात्रीने जेवढं छाटता येईल तेवढंच आपलं काम. पाय जमिनीवरून उचलावे लागले की ते काम दुसऱ्याचं.

आपल्या मंडळालाही एक सूचना आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दर वसंतात "कोणी चांगला झाडवाला सांगा" असा निरोप येतो आणि "आमचा एकदम स्वस्त आहे" अशी उत्तरं येतात. त्याऐवजी मंडळाने एक छोटी यादी करावी. ज्यांची नोंदणी आणि या वर्षीचं विम्याचं सर्टिफिकेट आपल्यापैकी कोणीतरी प्रत्यक्ष तपासलं आहे, तेवढीच नावं त्यात असावीत आणि दर वर्षी ती पुन्हा तपासावीत. हे काम मी आनंदाने करीन. आणखी दोघं-तिघं पुढे आले तर मार्चच्या आत यादी तयार होईल. इच्छा असणाऱ्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावं.